नमुना क्रमांक एक्केचाळीस

परळच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर,
दिवसभर मी मोजते.
काचेवर आखलेले बारीक चौकोन,
त्यांत कोण पुढे पोहतंय, कोण नुसतं थरथरतंय,
कोण जागच्या जागी गोल फिरतंय
बाजारात आईचा हात सुटलेल्या पोरासारखं.

हरेश्वर पागधरे. वय चौतीस. पेस्ट कंट्रोल.
डबी काखेत धरून आणली घाटकोपरहून,
गार होऊ देऊ नका, असं कुणी सांगितलेलं.
टेबलावर ठेवताना बोटांना वास आला
झुरळांच्या औषधाचा,
साबणाच्या खालून येणारा.

दोनदा मोजलं.
शंभरातले अकरा.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहिल्या, सी, ई, आणखी एक.
बाहेर येऊन त्यानं मलाच विचारलं,
ताई, हे नक्की करतं काय?
म्हटलं, देवाचा तांब्या काळा पडतो,
चिंच लावली की उजळतो, तसं.
मग जीभ चावली. तसं नाही.
उजळणं वेगळं, काळवंडू न देणं वेगळं.
हे मध्ये उभं राहतं, घाव स्वतःवर घेतं,
घेता घेता संपतं. म्हणून रोज लागतं.
तो हसला.
म्हणजे आमच्यासारखं. कंत्राटी.

आणि मास्क?
आहे ना. चौघांत एक.

पुढच्या खेपेला बायको आली, सुलभा.
दादरहून आवळे आणते, तीन पाण्यांतून धुते,
आवळ्यावरही कुणी काही मारलेलं असणारच.
त्याचा गणवेश वेगळ्या बादलीत भिजवते.
सासू मात्र अजून
तिचीच पत्रिका दाखवत फिरते.

मग एका शनिवारी
आमच्याच लॅबमध्ये, फ्रीजच्या मागे
झुरळं झाली म्हणून मालकांनी माणूस बोलावला.
पाठीवर टाकी, हातात नळी,
दारात हरेश्वर.
दोघंही क्षणभर
दुसरीकडे बघितल्यासारखं केलं.
तुम्ही बाहेर थांबा, ताई, म्हणाला.
तासभर तरी आत येऊ नका.
मला म्हणाला. मला.

मी खणातून माझा मास्क काढला,
हातमोज्यांची नवी जोडी काढली,
आणि जिन्यात जाऊन बसले.
आतून फवाऱ्याचा आवाज येत राहिला,
तेलात मोहरी पडावी तसा,
पण न थांबणारा.

अडीच-तीन महिने लागतात
एक पिढी घडायला त्या आतल्या कारखान्यात.
दिवाळी गेली. मग पुन्हा डबी, पुन्हा काख.

एकोणीस.

गोळ्यांनी, आवळ्यांनी, मास्कनं,
की मधल्या आठवड्यांत कंपनीला काम कमी होतं म्हणून,
ठाऊक नाही.
अहवालात कारणाला रकाना नसतो.

सही करण्याआधी पुन्हा एकदा डोळा लावला.
एक जण अगदी खालच्या रेघेवर,
शेपूट मारत, अर्धा आत, अर्धा बाहेर.
खालच्या रेघेवरचा धरायचा नसतो, नियम आहे.
नाही धरला.
फक्त दिवा लगेच मालवला नाही,
तो कुठे जातो ते
बघत बसले.