दुप्पट

टिळकवाडीच्या मकरंद कुडचीकरानं दिला,
दोन दिवसांच्या बोलीवर, मोज्यात गुंडाळून:
चहाच्या पेल्याएवढा, पण हाताला जड.
"दोनपटीचा आहे. चारशेचे आठशे होतील.
उजेडाचं मात्र तुझं तू बघ."

उजेडाचं मी बघितलं नाही.
खानापूरचा, लग्नं काढणारा माणूस मी.
हळद, अक्षता, वरमाईचा रुसवा,
सगळं सात हातांच्या आत.
आठशे म्हटल्यावर वाटलं,
झाडावरचा धनेश आता खांद्यावर येऊन बसेल.

जांबोटीच्या पुढं, चापोलीच्या वाटेला,
इरण्णा पहाटेच तिपाई मांडून बसलेला.
त्याचा कॅमेरा फुलफ्रेम, माझा क्रॉप.
लेन्सा एकाच जातीच्या, शंभर ते चारशे,
जुळ्या बहिणी दोन घरांत दिलेल्या.
"तुला बरंय की," तो म्हणाला,
"तुझ्यात पक्षी आधीच मोठा."
मोठा कुठला.
भाकरी दोघांची तेवढीच,
मी कडा कापून टाकतो
आणि मधला घास ताटभर वाटतो.

त्यात हा दोनपटीचा मध्ये बसवलेला.
पाच-सहाचं छिद्र अकरावर गेलं.
चारातला एक हिस्सा उजेड आत आला,
तीन कुठं गेले विचारू नका.
फोकस शोधत राहिला,
अंधारात उंबऱ्याबाहेर चप्पल शोधावी तसा,
पुढं, मागं, गुर्र, पुन्हा पुढं.
शेवटी कडं हातानं फिरवलं.
आयएसओ चढवत गेलो तशा
पडद्यावर तांदळाच्या कण्या उसळायला लागल्या.

जानू एडगे, गवळीवाड्यावरचा,
न पेटवलेली विडी ओठात धरून शेजारी.
"आला," म्हणाला.
आम्हाला काहीच दिसेना.
मग पंख ऐकू आले,
कुणी वरच्या वर सूप पाखडावं तसे.

नर ढोलीपाशी टेकला.
मादी आत, चिखलानं स्वतःला लिंपून घेतलेली,
बोटभर फट तेवढी ठेवलेली.
त्यानं घशातून उंबर काढलं, दिलं,
आणखी काढलं, आणखी दिलं.
माझ्या चौकटीत चोच, फट आणि एक तांबडा डोळा.
बाकी जग नव्हतंच.
दोनशे फोटोंतला एक थरथरला नाही.
त्या एकात डोळ्यात आभाळ आहे.

जांबोटीत उप्पीट खाताना
इरण्णानं त्याचा पडदा पुढं केला.
त्यानं काही जोडलं नव्हतं, साधेच चारशे.
धनेश चिंचोक्याएवढा.
पण सगळं झाड, अगदी बुंध्यापर्यंत,
आणि बुंध्यावर साल तासून
पांढऱ्या रंगात आकडा.
"नलवत्तोंदू," तो म्हणाला.
एक्केचाळीस, मी म्हणालो.
मग दोघंही गप्प.

जानूनं बशीत चहा ओतला.
"रस्ता रुंद व्हायचाय. शिमग्याआधी रंगवून गेलेत."
सांगायचं नाही होय रे?
"तुम्ही वरच बघूलालासा की."
पिल्लं कधी उडतील?
पावसाच्या तोंडाला, म्हणाला.
आणि करवत कधी येईल?
ते त्याला ठाऊक नव्हतं,
हॉटेलवाल्यालाही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोनपटीचा काढून मोज्यात घातला.
लेन्स आखडून शंभरावर आणली,
तरी माझं यंत्र कडा कापतच होतं,
म्हणून मागं सरकत गेलो,
करवंदीत शिरलो, पोटऱ्या ओरबाडल्या,
आणखी मागं.
एक्केचाळीस मावला. बेचाळीस मावला.
वळणापर्यंत सत्तावन्न मोजले,
सगळे धारदार, शेवटची पांढरी रेघसुद्धा.

तो फोटो स्टुडिओत लावलाय,
नवरा-नवरीच्या मोठ्या फ्रेमांच्या मधोमध.
गिऱ्हाइकं विचारतात, नुसती झाडं का?
मी बोट ठेवतो.
तिथं काळा ठिपका आहे.
त्यांना तो काचेवरचा डाग वाटतो,
काहीजण तर पुसायलाही जातात.