बोटभर खिडकी

वाडीच्या फॅब्रिकेटरकडून गाडी आली तेव्हा
मानेवाड्याची अर्धी गल्ली फाटकाशी.
दोन चाकांवरची पेटी. चार कड्या काढल्या
की छत्रीसारखी वर उघडते,
दोन्हीकडून पलंग बाहेर सरकतात,
भिंती म्हणाल तर ताडपत्री.
निखाऱ्यांच्या सुनेनं विचारलं,
"काकू, कोनाचं लगन हाय?"

छत्तीस वर्षं जमिनीखाली काढलेल्या माणसाला
आभाळाखाली झोपायचं होतं.
एवढंच होतं ते.

डिसेंबरात पारा आठावर आला.
ताडपत्री थंडीला अडवत नाही,
नुसती गाळून घेते.
म्हटलं, खिंडसीच्या काठी कुडकुडण्याआधी
आपल्याच अंगणात एक रात्र झोपून बघू.

बर्डीवरून तेलाचा हीटर आणला, तेरा पात्यांचा.
लावला आणि घरातला फ्रीज, पंप, देवापुढचा बल्ब
सगळं एकदम गप्प.
आणि तळ्याकाठी प्लग कोणत्या झाडाला असतो,
हे दुकानदारानं सांगितलं नव्हतं.

गांधीबागेत गॅसचा मिळाला,
लहान सिलिंडर, लाल जाळी, सुबक.
यानं चष्मा कपाळावर चढवून
सूचनांचा कागद दोनदा वाचला,
घडी घालून परत खोक्यात ठेवला.
"ज्योत जयते ते हवा खाऊन.
आतमंदी हवा कोनाची? तुही न् माही."

भंडाऱ्याहून नणंदेनं मातीची सिगडी पाठवली होती.
ती मी नुसती दाराशी ठेवली.
त्याच्या चेहऱ्यावरची एक रेघ हलली.

सावनेरच्या खाणीत हा गॅस तपासायचा.
हातात दिवा, डोळा ज्योतीवर:
ज्योतीनं निळी टोपी घातली की माणसं मागे,
ज्योत बसायला लागली की पळा.
पण त्या वर्षीचे तिघे खाणीत गेले नाहीत.
क्वार्टरात गेले.
रात्रपाळीहून आले, सिगडी आत ओढली,
फटीत गोणपाट कोंबलं आणि झोपले.
दार यानंच फोडलं.
"गाल गुलाबी होते," एवढंच म्हणाला होता तेव्हा,
"शेकून बसल्यावानी."
आणि जेवला नव्हता.

आता अंगणात, सिगडीकडे न बघता:
"मी जिंदगीभर कोयसा पायला.
त्याले वास नसते. पेटनारं काईच आत नाई."

मग आम्ही उलटीकडून सुरुवात केली.
थंडी वरून पडते असं वाटतं,
अंगात ती खालून शिरते.
मोमीनपुऱ्यातून कापूस पिंजून आणला,
पलंगाच्या फळीवर गादी, गादीखाली जुनी सतरंजी,
सतरंजीखाली लग्नाच्या टीव्हीचा पुठ्ठा,
जो मी इतकी वर्षं का जपला, मलाच माहीत नाही.
बाहेर शेगडीवर दोन विटा तापवल्या,
माझ्या फाटक्या पातळात गुंडाळून पायाशी सरकवल्या.
त्यानं माकडटोपी घातली. मी हसले.
उशाशी एक पांढरी डबी टांगली,
विषारी हवा आली की ओरडते म्हणे.
"आत काईच पेटत नाई, मग हे कायले?"
"राहू दे."

आणि खिडकीची चेन बोटभर उघडी.
त्या बोटाएवढ्या फटीतून सगळा डिसेंबर
माझ्या कानात यायचा.
मी बंद केली. त्यानं उघडली.
मी परत केली. परत उघडली.

रात्री कधीतरी जाग आली.
डबीचा हिरवा ठिपका, लांब मालगाडी,
आणि नाकाशी काहीतरी उबदार.
त्याचा पंजा. उलटा धरलेला.
माझा श्वास मोजत होता,
ज्योतीसारखा.

मी झोपेचं सोंग घेतलं.
मुद्दाम जरा मोठे श्वास सोडले,
नोंदवहीत भरायला सोपे जावेत असे.

सकाळी ताडपत्रीतून थेंब गळत होते,
पाऊस नव्हता, दवही नव्हतं,
आमचंच, रात्रभर सोडलेलं.
एक त्याच्या टोपीवर पडला.
वीट पायाशी अजून कोमट होती.
खिडकी बोटभर उघडी.
"खिंडसीले," तो म्हणाला, "तीन विटा नेऊ."