सातवं घर

आधी उजव्या हाताच्या दोन बोटांच्या बेचक्यात खाज सुटली.
सासूबाई म्हणाल्या, वांगी सोड.
शेवंताक्का म्हणाल्या, भांड्यांचा साबण बदल.
थोरली जाऊ काहीच म्हणाली नाही,
नुसती माझी कपबशी वेगळी धुतली
आणि पालथी घातली. दोनदा.

मग कातडी फुटली. पाणी आलं. खपली धरली, तडकली.
सुभाषनगरच्या माडीवर बसून
दिवसाला वीस जोडांच्या वेण्या घालते मी,
वादीचं टोक पायाच्या अंगठ्यात अडकवायचं,
तीन पदर ओले करून ओढत न्यायचे.
अठरा वर्षं.
म्हणून सीपीआरच्या खिडकीपासूनच सांगत होते,
चामड्याचं नाही हे. चामडं माझ्या ओळखीचं आहे.

डॉक्टर इंगवले बाईंनी आधी हात बघितलेच नाहीत.
माहेर कुठलं, म्हणाल्या.
उत्तूर.
शेवटचं कधी गेला होता?
गणपतीत. नऊ दिवस.
तिथं हात कसे होते?

मी थांबले.
तिथं वांगी खाल्ली होती, भांडी राखेनं घासली होती,
चुलीपुढं बसले होते,
आणि हात, आत्ता आठवत होतं,
चौथ्या दिवशी वाळले होते.

मग चप्पल काढायला लावली.
उजवाच अंगठा का असा काळवंडलाय?
पदराचं टोक अंगठ्यात धरून
मी त्यांना वेणी घालून दाखवली.

पाठ लागेल, त्या म्हणाल्या. मला हसू आलं.
तळाला आमच्यातही पाठीचंच घेतात,
पोटाचं ताणतं.

चिकटपट्टीवर ओळीनं बारक्या वाट्या,
एकेकीत चिमूटभर काहीबाही:
निकेल, रबरातलं काही, अत्तरातलं, सरसातलं.
दोन दिवस आंघोळ नाही. घाम येऊ द्यायचा नाही.
एप्रिलात, पत्र्याखाली, घाम येऊ द्यायचा नाही!
भिंतीला न टेकता बसून राहिले,
हात मांडीवर, कुणा दुसरीचे असावेत तसे.
दुसऱ्या रात्री एकाच जागी चुणचुणायला लागलं.
नवऱ्याला म्हटलं, बघा तरी.
पट्टीच्या आतलं कसं दिसणार, म्हणाला,
पण फुंकर घालत बसला बराच वेळ.

पट्ट्या निघाल्या. पेनाच्या खुणा राहिल्या.
चौथ्या दिवशी परत बोलावलं.
सरसाचं घर कोरं.
माझा सगळा संशय त्या पिवळ्या डब्यावर होता.
निकेल कोरं, रबर कोरं.
सातवं घर लाल, फुगलेलं, वर राईएवढे फोड.
बाईंनी कागदावर दोन अधिक चिन्हं काढली.
क्रोम. चामडं कमवायला वापरतात.

म्हटलं, आमचं नव्हे.
आमचं बाभळीच्या सालीत, हिरड्यात मुरतं.
थोरले दीर स्वतः आणतात. दुकानाच्या पाटीवर लिहिलंय.

त्यांनी पाटीला नाव ठेवलं नाही.
एवढंच म्हणाल्या,
अंगाला ओळख पटायला कधीकधी वर्षं जातात.
पटली की विसरत नाही.

बसमध्ये आठवलं.
तीन वर्षांमागं चामडं एकाएकी मऊ लागायला लागलं होतं,
वेणी सरसर पुढं जायची,
आणि मी जोतिबाच्या नावानं चांगभलं म्हटलं होतं.

घरी येऊन रापी घेतली.
नव्या गठ्ठ्यातला तुकडा तिरका कापला.
वर तपकिरी, खाली तपकिरी,
मधे केसाएवढी निळसर राखी रेघ.
मग सासऱ्यांच्या हातचा जुना तळ कापला.
आरपार एकच रंग, गुळाच्या ढेपेसारखा.

जिन्यावर करकर वाजलं.
थोरले दीर. त्यांच्या पायात अजून
सासऱ्यांनी केलेलाच जोड असतो.

मलम लावलेल्या हातांवर
एकेक तुकडा ठेवून
मी जिन्याच्या तोंडाशी उभी राहिले.