मुख्य खातं कोणतं

विल्फ, तुझा मेसेज रात्री दोनला आला:
‘एक उघडू की दोन? सगळे दोन उघडतायत.’
अठरा वर्षांत तू मला विचारलेला
हा पहिलाच सरळ प्रश्न.
तेव्हा उत्तर लांबेल. चहा कर.

नियमानं बघशील तर एकच.
फॉर्मवर खाली कुठेतरी विचारतात,
‘हे तुमचं मुख्य खातं असेल ना?’
मी लीड्सच्या त्या ओलसर खोलीत, हीटरवर मोजे वाळत घालून,
एकाच संध्याकाळी दोन बँकांना ‘हो’ म्हटलं.
हात थरथरला नाही.
एकीनं रेल्वेचं कार्ड दिलं, तिकिटात एक तृतीयांश सूट,
दुसरीनं ऐंशी पौंड रोख.
आवळा देऊन कोहळा काढायचा धंदा त्यांचा.
मला वाटलं, दोन आवळे घेऊन पळावं.

ओयिंडा, माझी रूममेट, पेकहॅमची, हिशेबाला पक्की,
म्हणाली, ‘ब्रायनी, प्रत्येक अर्जाची खूण राहते गं,
चिखलातल्या पावलासारखी.
उद्या घर घ्यायला जाशील, तेव्हा पावलं मोजतील.’
म्हटलं, मोजू देत.

अट अशी, की दोन्हीकडे दरमहा पैसे यायला हवेत.
पैसे तर तेवढेच, कर्जाच्या हप्त्यातले.
मग मी लावून दिलं:
एक तारखेला साडेतीनशे इथून तिथे,
तीन तारखेला तेच साडेतीनशे तिथून इथे.
ह्याची टोपी त्याला.
दोन्ही बँका खूश. दोघींनाही वाटायचं,
पोरगी आपल्याकडेच राहते.

हे मला कुणी शिकवलं नव्हतं.
नऊ वर्षांची असल्यापासून दर शुक्रवारी
मीच जायची बसनं हंबरच्या पुलावरून,
खाली ते तपकिरी पाणी,
बार्टनहून हेसलला, रविवारी परत,
तीच निळी बॅग, तेच दोन स्वेटर.
आईला म्हणायचं, इथंच बरं वाटतं.
बाबांना म्हणायचं, इथंच.
खरं काय ते फक्त बसच्या ड्रायव्हरला ठाऊक,
आणि तो कधी विचारायचा नाही.

तुला मी शनिवार-रविवारची ताई आठवत असेन.
तुझा टूथब्रश एकाच ग्लासात उभा राहिला.
तक्रार नाही. नोंद करून ठेवतेय.

ओव्हरड्राफ्टचं ऐक, तेच कामाचं.
बिनव्याजी म्हणजे फुकट नव्हे.
दीड हजार इथे, दीड हजार तिथे,
दुसऱ्या वर्षाच्या फेब्रुवारीत दोन्ही तळाला.
कशात गेले? भाडं, एक दाढ, हिरवा कोट,
कोट अजून आहे.
पदवी हातात पडली तशा दोघी मर्यादा आवळू लागल्या,
एकाच महिन्यात, जणू आपसात बोलून.
वेकफील्डच्या गोदामात रात्रपाळीला
खोक्यांवर चिकटपट्टी मारत
एकोणीस महिन्यांनी मी शून्यावर आले.
शून्य किती ऐसपैस असतं सांगू!
त्यात पाय पसरून झोपता येतं.

तेव्हा: दुसऱ्यातला पैसा आपला नाही
हे रोज सकाळी आठवणार असेल, तर उघड दोन.
तुला आठवणार नाही. तू बाबांवर गेलायस.
एकच उघड.
पण रेल्वेचं कार्ड देणारं.

कारण एका शुक्रवारी लीड्स स्टेशनवर
हलची गाडी समोर उभी असताना
मी स्कारबरोच्या गाडीत बसले.
आईला सांगितलं, बाबांकडे आहे.
बाबांना सांगितलं, आईकडे.
सूट धरून अकरा पौंड चाळीस.
समुद्राला भरती होती, चिप्सवर व्हिनेगर फार झालं होतं,
आणि एक सीगल माझ्याकडे
घरमालकासारखा बघत होता.
परतीची गाडी सव्वासातची.
ती मी जाऊ दिली.