पट

जुन्या पाटीची अक्षरं त्यांनी एकेक उपटून काढली,
तरी विटांवर फिकट उरलंच: थॉर्नबी लेन.
त्यावर मग निळा पत्रा ठोकला,
नवं नाव, नवं बोधवाक्य,
आणि खाली, बारीक अक्षरांत, प्रायोजक.

दुहेरी काचांच्या खिडक्या विकून मोठा झालेला माणूस.
वाईट नव्हता.
माझं नाव दोनदा विचारून घेतलं
आणि तिसऱ्यांदा नीट म्हणाला: वैजयंती.
पहिल्या सुट्टीतच शाळेच्या सगळ्या खिडक्या बदलल्या.
तोवर ग्रिम्स्बीच्या गोदीवरचा वारा थेट वर्गात यायचा,
वह्यांना मासळीचा वास,
तपासनिसांचा शेरा 'अपुरी',
शंभरात चौतीस पास.

आता खिडक्या चारच बोटं उघडतात.
सुरक्षेसाठी, म्हणे.

खोटं कशाला बोलू, शाळा सुधारली.
सहा वर्षं बंद असलेले गॅसचे नळ सुरू झाले.
टॅटरसॉलबाई आल्या, रसायन शिकवायला,
पहिल्याच तासाला त्यांनी एक पिवळी ज्योत हिरवी केली
आणि मागच्या बाकावरची ऑस्टेया,
लिथुएनियाहून आलेली, वर्षभर मान वर न केलेली,
उभीच राहिली.
यंदा ती औषधशास्त्राला गेली.
हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

माझं काम पटाचं.
ऑफिसात, फोटोकॉपी मशीनच्या मागे,
कोण आलं, कोण गेलं, कोण कुठल्या रकान्यात.

सप्टेंबरात अकरावीचा पट एकशे बेचाळीस.
मे महिन्यात परीक्षेला बसले एकशे एकतीस.
निकाल: शंभरात एकावन्न.
हॉलमध्ये केक कापला. मीही खाल्ला.

त्या रात्री स्वयंपाकघरात, बिलाच्या पाठकोऱ्यावर,
गेलेल्या अकरांना नापास धरून पुन्हा मांडलं.
सत्तेचाळीस येतात.
म्हणजे अकराही राहिले असते तरी
आम्ही चौतिसाच्या कितीतरी वरच होतो.
मग ते चार टक्के
कुणाला एवढे हवे होते?

कोरी ड्रूरीची आई रात्रपाळी करून तशीच आली होती,
केसांवर जाळी, हात थंड.
'घरी शिक्षण' असा फॉर्म होता.
उपमुख्याध्यापक म्हणाले, त्याच्यासाठी हेच बरं,
नाहीतर काढून टाकल्याचा डाग लागेल.
तिनं मला विचारलं, नेमकी कुठे सही?
मी बोट ठेवलं.

मराठीत याला म्हणतात, नाव कमी करणं.
केवढा साधा शब्द.
वर काही वाढायचं असलं
की खालून कुणीतरी कमी.

माझे वडील संगमनेरकडे दोनशिक्षकी शाळेत होते.
दिवाळीनंतर निम्मी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जायची.
साहेब दरसाल ओरडायचे, गुरुजी, ही नावं कमी करा,
हजेरीची सरासरी पडते.
वडील मान डोलवायचे
आणि रोज सकाळी सगळी नावं पुकारायचे,
रिकाम्या जागेसमोर, लाल शाईनं,
गै.ह., गै.ह., गै.ह.
मी हसायचे. वाऱ्याला कशाला हाका मारता?
ते म्हणाले होते, गैरहजर आहे तोवर
तो आपला आहे.

आमच्या संगणकात तसा रकाना नाही.
म्हणजे आहे, पण तो निकालात मोजला जातो.

परवा कोरी दिसला, फ्रीमन स्ट्रीटच्या बसथांब्यावर,
उंच झालाय, मिशी फुटतेय.
म्हणाला, मिस, खिडक्या भारी बसवल्यात हां,
बसमधून दिसतात.
मग त्याची बस आली. किंवा कुठलीतरी बस,
त्यानं नंबर पाहिलेला मला आठवत नाही.

आज सकाळी नवा पट उघडला.
एकशे अडतीस नावं.
दार लोटून घेतलं
आणि हळूच, कुणी ऐकणार नाही अशी,
मोठ्यानं वाचायला लागले.