वादी कबीर, गुरुवारी रात्री

टायरच्या गोदामात एसी बंद ठेवावा लागतो,
नाहीतर त्याची घरघर माइकमध्ये शिरते.
व्हिसा रद्द झाला तेव्हा इग्नेशसने
फक्त चार्जर नेला, आणि लोणच्याची बरणी.
गाणी इथेच राहिली, त्याच्या पट्टीत.

आता जिस्ना गाते.
दिवसभर लॅबमध्ये रक्त तपासते,
युनिफॉर्मवरच येते,
स्टँड वीतभर खाली घेते.
इग्नेशसच्या उंचीची चिकटपट्टी त्यावर अजून आहे.
काढूया, असं कुणी म्हणत नाही.
तीही नाही.

दुसऱ्या कडव्यात, 'मस्कत' म्हणण्याआधी,
तो श्वास घ्यायचा, सिगारेटवाल्याचा, लांबलचक.
अकरा वर्षं मी त्या श्वासासाठी
एक ठोका रिकामा सोडत आलो.
जिस्नाला तिथे श्वास लागत नाही.
ती पुढे निघून जाते
आणि माझी काठी हवेत.

ती थांबली. "चेट्टा, इथे काय होतं?"
बेसवाला सुलेमान तारा पुसत बसला.
मी म्हणालो, काही नाही. परत घेऊ.

परत घेतलं.
या वेळी ती थांबली, बरोबर तिथेच,
ओठ मिटून, एक ठोका.
आणि मी नेमका वाजवून मोकळा.

मग दहा मिनिटं एसी लावला.