पॅकिंग

शारजाच्या सनैयात, दहा नंबरच्या मागल्या गल्लीत,
जिथे भंगारातल्या गाड्या कुशीवर पडलेल्या असतात
आणि दुपारी कुत्रंसुद्धा सावली सोडत नाही,
गुलजमान पठाणाने टेबलावर दोन ठोकळे मांडले.
"ये पिस्टन. ये वेज. हाथ लगाओ."
लावला. दोन्ही तापलेले.
पिस्टनचा टूलपोस्ट एकशेनव्वद दिरहम.
वेजचा चारशेवीस. घासाघीस नाही.

लेथ माझा लहान. इतका, की
स्टोअररूममध्ये तांदळाच्या पोत्याशेजारी मावतो.
डेरेक नावाचा साहेब गाशा गुंडाळताना
वॉशिंग मशीनच्या भावात देऊन गेला.
त्यावर आजवर काढलं ते एवढंच:
परकारभाईंच्या गळाच्या चरखीला बुश,
शिलाई मशीनची एक पितळी कळ,
आणि एक भोवरा. फिरवायला इथे पोर नाही.

जुना टूलपोस्ट चौकोनी, चार बाजूंना चार टूल
आणि प्रत्येकाखाली पॅकिंग.
दुधाच्या डब्याचा पत्रा, दाढीचं पातं,
एकदा तर मुदत संपलेल्या लेबर कार्डाचा तुकडा.
तो दबला. प्लास्टिकच ते.

शिरोलीत आण्णाप्पा मिस्त्री
तपकिरीच्या डबीत पॅकिंग ठेवायचे.
मायक्रोमीटरवर त्यांचा विश्वास नव्हता, ओठांवर होता.
पत्रा ओठात धरून सांगायचे,
"ह्यो धा. ह्यो पंधरा. ह्याच्यावर कुणीतरी हातोडी घातलीया, टाक."
मग टूलचं टोक आणि जॉब यांच्यामध्ये पट्टी धरायला लावायचे.
"हुबी ऱ्हायली तर टूल सेंटरला.
पलीकडं कलली तर टूल माजलंय.
तुझ्याकडं कलली तर दमलंय."

पठाण समजावतो. पिस्टन रेटतो,
वेज पोटाशी ओढून घेतो.
मी खिशातून चिठ्ठी काढली:
कंपाउंडपासून सेंटर तेवीस मिलिमीटर.
आठचं टूल बसेल, दहाचं नाही.
हे सगळं घरी तीनदा मोजलेलं.
तरी विचारायचं होतं ते वेगळंच.
काढून पुन्हा लावलं, तर त्याच जागी बसतं?
पिस्टनकडे बघून म्हणाला, "उन्नीस-बीस."
वेजचं काही बोलला नाही.
होल्डर काढला, चढवला, दांडा फिरवला.
काढला, चढवला, फिरवला.

बावीस वर्षं झाली,
दर दोन वर्षांनी मलाही काढून लावतात.
कागलला उतरलो की पहिले चार दिवस
मी जरा खाली बसतो, नाहीतर जरा वर.
सुलभा अलगद काहीतरी सरकवते:
"प्रवासानं दमलेत."
"त्यांना आता तिखट सोसत नाही."
"दाराचा रंग त्यांनाच विचारा की."
हळूहळू टोक जागेवर येतं, कापायला लागतं,
तर रजा संपलेली.

वेज घेतला. तीन होल्डर घेतले.
फोनवर ती म्हणाली, "चारशेवीस म्हंजे किती?"
"लय न्हाई."
"म्हंजे लय."

टी-नट बसेना. रात्री दीड वाजेपर्यंत कानशीने घासला,
खालच्या मजल्यावरच्या फिलिपिनोने दोनदा छत ठोकलं.
मग चकमध्ये पितळेचा बार, टोकाशी पट्टी.
किंचित कलली, माझ्याकडे.
होल्डरची नर्ल केलेली चकती अर्धा आटा फिरवली.
उभी.
काढलं, लावलं. उभी.
पुन्हा काढलं, पुन्हा लावलं.
एसीचं पाणी बादलीत पडत होतं.
किती वेळा केलं ते मोजलं नाही.

पॅकिंगचे तुकडे आता बिनकामाचे.
कचऱ्याची पिशवी समोर धरली, आणि टाकवेनात.
त्यातला एक पत्रा आण्णाप्पांचा, कडेला त्यांच्या बोटाचा काळा.
ओठात धरून बघितला.
पंधरा असावा.

मार्चमध्ये व्हिसा संपतो, या खेपेला वाढवणार नाहीत.
डबी बॅगेच्या तळाशी ठेवली, कपड्यांच्या खाली.
तिकडे लागतील.